विश्लेषण : लेकरू जेवतंय, गुटगुटीत दिसतंय, पण उंचीच वाढत नाही, असं का होतं?

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात बोरीसारख्या गावात मुलांच्या उंचीकडे दोनदा नीट लक्ष जातं. पहिल्यांदा अंगणवाडीत, भिंतीला लावलेल्या उंचीमापकासमोर. दुसऱ्यांदा थेट पोलीस भरतीच्या मैदानावर. तिथे मुलांना किमान १६५ आणि मुलींना १५५ सेंटीमीटर लागतात, आणि एका सेंटीमीटरसाठी पोरं घरी परततात. या दोन मोजमापांच्या मध्ये बारा-पंधरा वर्षं जातात. उंचीबद्दल काही करता येण्यासारखं असतं, ते नेमकं याच वर्षांत.

एक उदाहरण घेऊ. समजा, बोरीतल्या एका अंगणवाडीत चार वर्षांचे दोन मुलगे आहेत. दोघांचीही उंची ८८ सेंटीमीटर. या वयात मुलाची सर्वसाधारण उंची १०३ सेंटीमीटरच्या आसपास असते, म्हणजे दोघंही बरेच मागे आहेत. पहिल्याचं वजन ९ किलो आहे, बरगड्या मोजता येतात. दुसऱ्याचं १३ किलो, गाल भरलेले, पोट थोडं पुढे. पहिल्याच्या नावापुढे लगेच खूण होईल, कारण उंचीच्या मानाने त्याचं वजन धोकादायक पातळीवर आहे. दुसऱ्याला पाहून मात्र आजी म्हणेल, ‘बापावर गेलंय, बुटकं राहणार थोडं.’ आणि विषय संपेल.

आजीचं बहुतेक वेळा बरोबरच असतं. पण काही मुलांच्या बाबतीत ते चुकतं, आणि का चुकतं हे कळायला मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीपर्यंत जावं लागतं.

पिट्यूटरीत नेमकं काय चालतं?

ही ग्रंथी म्हणजे पिट्यूटरी, मराठी पाठ्यपुस्तकातली पीयूषिका. तिच्या पुढच्या भागातल्या पेशींपैकी जवळपास निम्म्या पेशी एकच काम करतात: ग्रोथ हार्मोन बनवायचं आणि सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवायचं. माल तयार असतो, पण तो कधी सोडायचा हे या पेशी स्वतः ठरवत नाहीत. आदेश वरून, मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातून येतो.

आदेश येतो तो रसायनाच्या रूपात, आणि ते ओळखण्यासाठी पेशीच्या आवरणात खास प्रथिनं बसवलेली असतात. यांनाच रिसेप्टर म्हणतात. दाराच्या बेलसारखं समजा. बटण बाहेर असतं, घंटा आत वाजते. बटण दाबणारा घरात येत नाही, तरी आतल्या माणसाला कळतं.

ग्रोथ हार्मोनच्या पेशींवर मुख्यतः तीन प्रकारच्या बेल आहेत. पहिली ‘सोड’ सांगणारी. हायपोथॅलॅमसमधून जीएचआरएच नावाचं रसायन येतं आणि आपल्या रिसेप्टरवर बसतं. त्याबरोबर पेशीच्या आत सायक्लिक एएमपी या निरोप्या रेणूचं प्रमाण वाढतं, मग कॅल्शियम आत शिरतं आणि भरून ठेवलेल्या पिशव्या रक्तात रित्या होतात. हा आदेश एवढ्यावर थांबत नाही. नवा माल बनवा आणि पेशींची संख्याही वाढवा, हेही तोच सांगतो. पुढच्या गोष्टीसाठी हे लक्षात ठेवा.

दुसरी बेल ‘थांब’ सांगणारी. तिचं रसायन सोमॅटोस्टॅटिन. ते बसलं की सायक्लिक एएमपी खाली येतं, कॅल्शियमची वाट बंद होते आणि पिशव्या जागच्या जागी राहतात. तिसरी बेल वाजवणारा पाहुणा अनपेक्षित ठिकाणाहून येतो, तो म्हणजे पोटातून. रिकाम्या जठरातून येणारं ग्रेलिन हे भुकेचं संप्रेरक १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलं. तेही ग्रोथ हार्मोन सोडायला लावतं. गंमत म्हणजे ग्रेलिनचा रिसेप्टर आधी सापडला होता. बेल होती, ती दाबणारा कोण हेच माहीत नव्हतं.

‘सोड’ आणि ‘थांब’ यांच्या ओढाताणीमुळे ग्रोथ हार्मोन सतत झिरपत नाही, ते झटक्यांनी येतं. सगळ्यात मोठा झटका गाढ झोपेच्या सुरुवातीला असतो. मधल्या तासांत रक्तात ते जवळपास नसतंच. त्यामुळे दुपारी लॅबमध्ये जाऊन एकदा रक्त दिलं आणि ‘ग्रोथ हार्मोन कमी’ असा रिपोर्ट आला, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. अशा एका चाचणीवर पैसे घालवून घाबरलेले पालक कमी नाहीत.

रक्तात आलेलं ग्रोथ हार्मोन पुढे यकृताकडे जातं. तिथे आयजीएफ-१ नावाचं दुसरं संप्रेरक तयार होतं, आणि ही जोडी हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चेवर काम करून हाड लांब करते. आयजीएफ-१ पुरेसं झालं की तेच वर निरोप धाडतं, ‘आता बास.’

बेलच बसवलेली नसेल तर?

या प्रश्नाचं उत्तर आधी उंदरांत मिळालं. ‘लिटल’ नावाने ओळखली जाणारी खुज्या उंदरांची एक जात प्रयोगशाळांत होती. १९९३ मध्ये कळलं की त्यांच्या जीएचआरएच रिसेप्टरमध्ये एका ठिकाणी बिघाड आहे. माणसातही असं असेल का, हा पुढचा प्रश्न होता. तीन वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याचं उत्तर एका भारतीय कुटुंबात सापडलं. जवळच्या नात्यात लग्नं झालेलं हे कुटुंब, आणि त्यातल्या दोन भावंडांची (सख्खी नव्हे, चुलत-मावस नात्यातली) वाढ अगदीच खुंटलेली.

माणसाचा हा रिसेप्टर ४२३ कड्यांची साखळी असते. या मुलांच्या जनुकात एक अक्षर बदललं होतं, आणि त्यामुळे ७२ व्या कडीवरच ‘साखळी संपली’ अशी सूचना उमटत होती. म्हणजे बेलचा जेमतेम सहावा हिस्सा तयार व्हायचा, आणि आवरणात रुतून बसणारा भाग तर कधी बनायचाच नाही. हायपोथॅलॅमस आदेश देत राहायचा, पेशींना ऐकूच जायचं नाही. पेशी वाढवण्याचा आदेशही याच वाटेने येत असल्याने अशा रुग्णांच्या एमआरआयमध्ये पिट्यूटरीचा पुढचा भाग लहान दिसतो.

त्याच सुमारास पाकिस्तानात, सिंधू नदीच्या खालच्या खोऱ्यातल्या एका दूरच्या वस्तीत, खुज्या माणसांचा एक मोठा गोतावळा अभ्यासला गेला. बाऊमन आणि माहेश्वरी या संशोधकांनी त्याला ‘सिंधचा खुजेपणा’ असं नाव दिलं. तिथल्या प्रौढ पुरुषांची उंची साधारण १३० सेंटीमीटर होती. बिघाड कोणता? तोच, ७२ व्या कडीवरचा. मग श्रीलंकेतल्या तमिळ कुटुंबातही तोच निघाला. २००३ मध्ये या कुटुंबांच्या जनुकांचा आजूबाजूचा भाग ताडून पाहिला, तेव्हा तिन्हीकडे तो सारखा दिसला. म्हणजे हा बदल बहुधा एकाच पूर्वजात झाला आणि उपखंडभर वाटला गेला, सीमा आखल्या जाण्याच्या कितीतरी आधी.

महाराष्ट्रासाठी महत्त्वाचा अभ्यास २००५ चा आहे. मुंबईच्या ज्येष्ठ बालसंप्रेरकतज्ज्ञ डॉ. मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातली अशी मुलं तपासली, ज्यांच्या घरात ग्रोथ हार्मोनची कमतरता एकाहून अधिक जणांना होती. त्यांच्यातही हाच बदल आढळला. त्यामुळे ही परदेशी पाठ्यपुस्तकातली दुर्मीळ गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडे घरात दोन-तीन जण फारच बुटके असतील, तर या जनुकाचा संशय घ्यायला जागा आहे.

हा आजार होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत मिळावी लागते. एकच प्रत बिघडलेली असेल तर माणूस निरोगी असतो, त्याला पत्ताही नसतो. दोघंही असे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. मराठवाड्यात मामाची मुलगी करण्याची रीत बऱ्याच घरांत आहे. आजी-आजोबा एकच असले, की एकाच पूर्वजाची बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते. यात दोष कुणाचाच नसतो, आईचा तर नाहीच. पण घराघरांत बोट आधी तिच्याकडेच जातं, म्हणून हे वेगळं लिहावं लागतं.

कुपोषित मुलाच्या रक्तात उलटं चित्र

आता आपल्या दोन मुलांकडे परत येऊ. पहिला, ९ किलोचा, हडकुळा. त्याचंही ग्रोथ हार्मोन कमी असेल असं वाटतं ना? तीव्र कुपोषणात बहुधा नेमकं उलट असतं. ग्रोथ हार्मोन वाढलेलं आणि आयजीएफ-१ घसरलेलं. अन्नच नाही म्हटल्यावर यकृत ग्रोथ हार्मोनचं ऐकेनासं होतं. शरीराचा हिशेब साधा आहे: आहे ती ऊर्जा जगण्यासाठी ठेवायची, लांबी वाढवण्यावर उधळायची नाही. आयजीएफ-१ कडून ‘बास’चा निरोप येत नाही, म्हणून पिट्यूटरी आणखी हार्मोन सोडत राहते. या मुलाला पुरेसं अन्न, प्रथिनं आणि जुलाब-जंतांवर उपचार मिळाले की यकृत पुन्हा ऐकू लागतं.

दुसरा, १३ किलोचा, आपण धरून चालू की त्याच्या जीएचआरएच रिसेप्टरमध्ये बिघाड आहे. त्याच्याकडे ग्रोथ हार्मोनही नगण्य आणि आयजीएफ-१ ही नगण्य. याला कितीही अंडी, शेंगदाण्याचे लाडू आणि दूध दिलं तरी उंचीत फरक पडणार नाही. पोटावरची चरबी तेवढी वाढेल, कारण चरबी वापरायला लावणं हेही ग्रोथ हार्मोनचंच काम.

दोन मुलांची उंची सारखी, पण कारणं परस्परविरुद्ध.

मग यंत्रणेला दुसरा मुलगा का दिसत नाही?

कारण यंत्रणा पहिल्यासाठी बनलेली आहे, आणि त्यातही तथ्य आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आहेत. तीनात एक मूल बुटकं असेल, तर बुटकेपणा डोळ्यांना खटकतच नाही. त्यातली बहुसंख्य मुलं कुपोषण, वारंवारचे संसर्ग आणि आईच्या गरोदरपणातली हेळसांड यांमुळे मागे पडलेली असतात. हार्मोनची कमतरता असलेलं मूल या गर्दीत हरवतं.

शिवाय अंगणवाडीत उंची नोंदवली जात असली तरी तातडीची कारवाई होते ती उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या मुलांवर. तीव्र कुपोषित मुलांसाठी ग्राम बाल विकास केंद्र आहे, जादा आहार आहे. गुटगुटीत बुटक्या मुलाचं वजन उंचीच्या मानाने ठीक असल्यामुळे तो हिरव्या रकान्यात बसतो.

दुसरी गाळणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा यायचं असतं. त्यांच्या मूळ यादीत ३० आजार आहेत. ग्रोथ हार्मोनची कमतरता त्यात नाही. माझ्या मते यासाठी यादीत नवा आजार घालायची गरजही नाही. पथकाने मागच्या वर्षीची उंची शेजारी लिहून फक्त वजाबाकी केली तरी पुरे. आज प्रत्येक भेटीत उंची नव्याने मोजली जाते, आणि जुना आकडा जुन्याच रजिस्टरमध्ये राहतो.

वजाबाकी का, तर एका दिवसाची उंची फारसं सांगत नाही, वाढीचा वेग सांगतो. पहिल्या वर्षी बाळ साधारण २५ सेंटीमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षी १०-१२. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत वर्षाला ५-६ सेंटीमीटर. या वयात वर्षभरात ४ सेंटीमीटरसुद्धा वाढ झाली नाही, तर मूल बापावर गेलंय म्हणून सोडून देऊ नये. बापावर गेलेलं मूल कमी उंचीचं असतं, पण त्याचा वेग ठीक असतो.

जीएचआरएच रिसेप्टरच्या बिघाडाची आणखी काही लक्षणं आहेत. जन्मतः बाळ सर्वसाधारण लांबीचं असतं, वाढ मंदावते ती पहिल्या वर्षाच्या आसपास. अंगाचं प्रमाण नीट असतं, हातपाय आखूड आणि डोकं मोठं असं नसतं. चेहरा वयापेक्षा लहान, बाहुलीसारखा. दात उशिरा येतात, आवाज बारीक राहतो. बुद्धी पूर्णपणे शाबूत असते. शाळेत त्याला खालच्या वर्गातला समजतात, आणि त्याला मात्र सगळं कळत असतं.

उपचार आहे का?

आहे, आणि चांगला आहे. बिघाड बेलमध्ये आहे, पुढच्या साखळीत नाही. यकृत आणि हाडं ग्रोथ हार्मोनची वाट पाहत बसलेली असतात. म्हणून ते बाहेरून दिलं की काम होतं. उलट जीएचआरएचचं किंवा ग्रेलिनसारखं औषध देऊन पिट्यूटरीला डिवचलं, तर या रुग्णांत फारसं काही हलत नाही. १९८५ पर्यंत हे हार्मोन मृतांच्या पिट्यूटरीतून काढावं लागे, त्यातून काहींना मेंदूचा जीवघेणा आजार झाला आणि ते थांबवलं गेलं. त्याच वर्षापासून जनुकीय तंत्राने बनवलेलं हार्मोन मिळू लागलं.

अडचण औषधात नाही, ते घेण्यात आहे. रोज रात्री त्वचेखाली एक इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं. ते २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं, म्हणजे घरात फ्रिज हवा आणि फ्रिजला वीज हवी; उन्हाळ्यात बोरीच्या बाजूला वीज किती वेळ जाते हे तिथल्या माणसाला सांगायला नको. आठवड्यातून एकदाच घ्यायचं इंजेक्शन अमेरिकेत २०२१ मध्ये मुलांसाठी मंजूर झालं, पण रोजच्या इंजेक्शनचाच खर्च दरमहा हजारो रुपयांत जातो, आणि मूल वाढेल तसा डोस वाढतो.

इथे एक तरतूद बहुतेक पालकांना ठाऊक नसते. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात दुसऱ्या गटात ‘सिद्ध झालेल्या’ ग्रोथ हार्मोन कमतरतेसाठीचा हार्मोन उपचार स्पष्टपणे नमूद आहे. २०२२ पासून धोरणातल्या सर्व गटांसाठी रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची मर्यादा आहे. मात्र ती मिळते सरकारने नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांतून. महाराष्ट्रातलं असं केंद्र म्हणजे मुंबईतलं परळचं केईएम रुग्णालय. परभणीहून ते सुमारे पाचशे किलोमीटर दूर आहे, जाणं-येणं आणि मुक्काम धरला तर शेतमजुराच्या आठवड्याभराच्या मजुरीवर पाणी. आणि एका फेरीत हे होत नाही.

कारण सगळा भार ‘सिद्ध’ या शब्दावर आहे. आधी थायरॉइड, रक्तक्षय, सिलियाक आजार, मूत्रपिंडाचे विकार हे वगळावे लागतात. मुलगी असेल तर टर्नर सिंड्रोमही. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतात. मग आयजीएफ-१, आणि त्यानंतर पिट्यूटरीला मुद्दाम चेतवून दर अर्ध्या तासाने रक्त घेण्याची चाचणी. या चाचण्यांपैकी सुरुवातीच्या काही, म्हणजे थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि मनगटाचा एक्स-रे, जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकतात. तेवढं करून निघालं तर मुंबईची एक तरी फेरी वाचते.

आणि भरतीवाल्या पोरांचं काय?

मोबाइलवर ‘३० दिवसांत ३ इंच’ सांगणाऱ्या पावडरी आणि कॅप्सूल यांचं उत्तर वर आलेलंच आहे. हाडाच्या टोकाची कूर्चा एकदा मिटली की ग्रोथ हार्मोनच्या बादल्या ओतल्या तरी हाड लांब होत नाही. मुलींत ती साधारण १४-१५ आणि मुलांत १६-१७ वर्षांच्या आसपास मिटते, थोडं पुढेमागे. भरतीसाठी अठरा पूर्ण लागतात. म्हणजे जाहिरात ज्याला गाठते, त्याच्यासाठी ती जवळपास नेहमीच उशिरा आलेली असते.

यापेक्षा काळजीची गोष्ट जिममधून फिरणाऱ्या एमके-६७७ सारख्या रसायनांची. ते ग्रेलिनचीच बेल दाबतं. उपचारासाठी त्याला मान्यता नाही, खेळाडूंना त्यावर बंदी आहे, आणि भूक व रक्तातली साखर दोन्ही वाढतात. कूर्चा मिटलेल्या माणसात ग्रोथ हार्मोन दीर्घकाळ जास्त राहिलं तर हात, पाय, जबडा रुंद आणि जाड होऊ शकतात. पिट्यूटरीत गाठ झालेल्या रुग्णांत ॲक्रोमेगाली या आजारात हेच घडतं. तिथे डॉक्टर ‘थांब’वाली बेल वापरतात: ऑक्ट्रिओटाइड हे सोमॅटोस्टॅटिनसारखं औषध तिच्याच रिसेप्टरवर बसून हार्मोन आवरतं.

घरी काय करता येईल?

भिंतीला टाचा, कुल्ले आणि डोक्याची मागची बाजू टेकवून मुलाला अनवाणी उभं करा. डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलने खूण करा, शेजारी तारीख लिहा. सहा महिन्यांनी पुन्हा, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी. एक वर्षाचं अंतर मोजा. पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये सुधारित वाढ-तक्ते दिले आहेत, त्यांच्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. तुमच्या डॉक्टरांना त्यावर बिंदू टाकून दाखवायला सांगा. आजवर अंगणवाडीत झालेल्या उंचीच्या नोंदी सेविकाताईंकडून तारखेसह एका कागदावर उतरवून घ्या. आई-वडिलांची उंची आणि नात्यातलं लग्न असल्यास तेही त्याच कागदावर लिहा. तज्ज्ञ डॉक्टर पहिल्या भेटीत एक्स-रेच्या आधी हाच कागद मागतील.